लकवा मारला तर १०८ च्या डॉक्टरांना काय सांगाल?

पक्षाघाताला आपल्याकडे खानदेशात लकवाच म्हणतात. अचानक तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे बोबडे झाले, यातले एकही लक्षण दिसले तर लगेच १०८ ला फोन करा. लक्षण थोड्या वेळाने आपोआप गेले तरी करा.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र काही रुग्णांत मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. त्यांना हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकते. नुसते तपासून हा फरक खात्रीने कळत नाही, सीटी स्कॅन लागतोच. त्यामुळे जिथे स्कॅन नाही, तिथे सलाईन लावून थांबण्यात अर्थ नाही.

समजा, चोपडा किंवा साक्री तालुक्यातल्या एखाद्या गावात सकाळी सातला लकवा आला. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचे रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन जळगाव किंवा धुळे. प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास गेला की साडेअकरा कधी वाजले कळतही नाही.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि गाडीत डॉक्टर असतात. त्यांना रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ते सांगा. झोपेतून उठल्यावर लकवा लक्षात आला, तर उठण्याची वेळ धरत नाहीत. रात्री दोनला लघवीला उठून नीट चालला असेल, तर दोन ही वेळ सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिची चिठ्ठी सोबत घ्या. साखर तपासायला सांगा, कारण साखर फार उतरली तरी लकव्यासारखेच दिसते.

मग विचारा, आपण जातोय तिथे आत्ता सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळेल का? जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरी वाटेतूनच फोन करून खात्री करायला सांगा. फोन आधी गेला की स्कॅनची तयारी होऊन राहते. गुठळी मोठी असेल तर ती तारेने काढण्यासाठी नाशिकसारख्या शहरात जावे लागू शकते. पात्र रुग्णाला त्याआधी इंजेक्शन इथेच देता येते.

गाडी येईपर्यंत पाणी, चहा, बीपीची गोळी, ॲस्पिरिन काहीच तोंडाने देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जाते. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. मालीश आणि झाडपाला यांत तर वेळ घालवूच नका.