पाणथळ जमिनीचें कार्य



दलदल म्हटली कीं डांस, दुर्गंधि आणि हिंवताप एवढ्याच गोष्टी सुशिक्षित नागरिकाच्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. अशी जागा भराव घालून सपाट केली म्हणजे गांवाची सुधारणा झाली, असा आपला समज असतो. हा समज तपासून पाहण्यास कोलकात्याचें उदाहरण फार उपयोगी आहे.

त्या नगराच्या पूर्वेस सुमारें १२,५०० हेक्टर क्षेत्रांत उथळ तळीं, भातखाचरें व भाजीचे मळे पसरलेले आहेत. नगराचें सांडपाणी कालव्यांनीं येथें येतें. जड गाळ वाटेंतच खालीं बसतो, आणि मग तें पाणी बेताबेतानें तळ्यांत घेतात. तळीं उथळ असल्यामुळें सूर्यप्रकाश त्यांत चांगला शिरतो. सूक्ष्म जंतु मळाचें विघटन करितात. त्यांना लागणारा प्राणवायु शेवाळ उन्हाच्या साह्यानें निर्माण करितें. आणि विघटनांतून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर तेंच शेवाळ पोसतें. शेवाळ मासे खातात, आणि ते मासे नगराच्या बाजारांत येतात. म्हणजे जी घाण नदीचा श्वास कोंडती, तीच येथें अन्नरूप पावते. रोगजंतूंपैकीं पुष्कळसे उन्हानें व दीर्घ काळ सांठवणींत राहिल्यानें नाश पावतात. उरलेलें पाणी भातखाचरांस जातें.

लव्हाळ्यांनीं भरलेल्या पाणथळींत आणखी एक क्रिया घडते. देठांमुळें पाण्याचा वेग मंदावून गाळ बसतो. आणि प्राणवायुरहित चिखलांतील जंतु पाण्यांतील नायट्रेटचें रूपांतर नत्रवायूंत करून तो हवेंत सोडून देतात. पावसाळ्यांत हीच जमीन पुराचें पाणी धरून ठेवते, व पाखरांस आसरा देते.

मात्र ह्या सेवेसही मर्यादा आहे. कारखान्यांतून येणारे शिसें, क्रोमियम यांसारखे धातु कुजत नाहींत. ते चिखलांत सांचतात व माशांच्या शरीरांत शिरूं शकतात. असलें विष उगमापाशींच अडविलें पाहिजे.

कोलकात्याची ही व्यवस्था कोणा पंडितानें आंखलेली नाहीं. विद्याधरी नदी गाळानें भरून खाऱ्या पाण्याचा ओघ आटला, तेव्हां तेथील मच्छीमारांनीं व शेतकऱ्यांनीं ती अनुभवानें बसविली. अभियंते ध्रुवज्योति घोष (१९४७-२०१८) यांनीं तिचें मोल जगास दाखवून दिलें. १९९२ सालीं कलकत्ता उच्च न्यायालयानें तेथील भरावास आळा घातला. २००२ सालीं हें क्षेत्र रामसर कराराच्या यादींत गेलें. आणि २००६ सालीं त्यासाठीं स्वतंत्र कायदा झाला. तरीही वाढत्या नगराची दृष्टि त्या जमिनीवरून हटलेली नाहीं.

आपल्याकडे गोदावरीवरील नांदूरमध्यमेश्वर व ठाण्याची खाडी (२०२२) यांनाही त्याच यादींत स्थान मिळालें आहे. परंतु गांवोगांवच्या लहान तळ्यांना व पाणथळींना असें संरक्षण क्वचितच लाभतें. म्हणून, आपल्या गांवीं भरावाची गोष्ट निघेल तेव्हां एवढें अवश्य विचारावें, कीं ही जागा आज जें काम फुकट करीत आहे तें उद्यां कोण करणार, आणि त्याचा खर्च कोण देणार?