भुर्दंड कोणी सोसायचा? (लेखांक ७)

मागच्या लेखांकात आपण १८९६ च्या प्लेसी खटल्यापाशी थांबलो होतो. वाद होता रेल्वेच्या एका डब्यात कोणी बसायचे एवढाच. पण त्यातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरले आणि त्याच्या आधाराने दक्षिणेतल्या राज्यांनी शाळा, बस, दवाखाने, पिण्याच्या पाण्याचे नळ, सारे काही वर्णावरून वाटून टाकले. १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला, तेव्हा त्याच दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसे मतदान करीत होती, विधिमंडळात निवडून येत होती. पुढच्या २३ वर्षांत हे सारे उलटले. ते पुन्हा सुलटे करण्याच्या लढ्यात एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. माँटगमेरी शहराच्या बसमधली विभागणी ३८१ दिवसांच्या लढ्यानंतर संपली. शाळांमधली विभागणी मात्र १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने घटनाबाह्य ठरवूनही पुढे पंधरा वर्षे तग धरून राहिली. असे का व्हावे?

माझे उत्तर असे की, विषमता चालू ठेवण्याचा भुर्दंड कोणावर पडतो, यावर तिचे आयुष्य ठरते. शाळांचा लढा मुळात बसवरूनच सुरू झाला, हे यासाठी लक्षात घेण्याजोगे आहे. दक्षिण कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत गोऱ्या मुलांना शाळेत नेण्यासाठी सुमारे ३० बस होत्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी एकही नव्हती. काही मुले रोज मैलोन्‌मैल पायपीट करीत. पालकांनी पदरमोड करून एक जुनी बस घेतली, ती सारखी बंद पडे. निदान तिचा खर्च तरी द्या, एवढे मागणे घेऊन लीव्हाय पिअर्सन हे शेतकरी न्यायालयात गेले. त्यांचा कर दुसऱ्या शाळा-विभागात जमा होतो, या कारणाने १९४८ मध्ये दावा निकालात निघाला, आणि गोऱ्या सावकार-दुकानदारांनी त्यांची उधारी बंद केली. त्यानंतर तिथल्या पालकांनी बसचा हट्ट सोडून समान शाळांची मागणी केली. त्या काउंटीत एका गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च होत होते, कृष्णवर्णीय मुलामागे ४३. दाव्यात पहिले नाव असलेल्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, पाठोपाठ त्यांच्या पत्नीचीही गेली. पालकांना संघटित करणारे पाद्री जोसेफ डीलेन यांचे घर जळाले, नंतर चर्चही जळाले, आणि अखेर त्यांना राज्य सोडावे लागले. हाच दावा पुढे इतर चार दाव्यांसह ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या नावाने १७ मे १९५४ रोजी जिंकला गेला. जिंकणाऱ्यांनी नोकरी आणि घरदार गमावले होते. हरणाऱ्यांना मात्र त्या दिवशी कसलीही तोशीस लागली नाही.

पुढच्याच वर्षी न्यायालयाने अंमलबजावणीचा दुसरा निकाल दिला आणि त्यात मुदत घातलीच नाही. देखरेख स्थानिक फेडरल न्यायालयांकडे गेली. परिणामी प्रत्येक गावच्या पालकांनी नव्याने दावा लावायचा, नव्याने वकील शोधायचा, नव्याने नोकरी गमवायची. राज्यांनी प्रवेशाचे असे कायदे केले की, प्रत्येक मुलाला स्वतंत्र अर्ज करून वाट पाहावी लागे. मुदत नसलेला हक्क मागणाऱ्याला थकवतो, आणि दक्षिणेतल्या सरकारांनी नेमके हेच साधले. १९५४ च्या निकालाला दहा वर्षे होत आली तेव्हा तिथल्या १०० कृष्णवर्णीय मुलांपैकी जेमतेम एखादे मूल गोऱ्या मुलांबरोबर शिकत होते.

माँटगमेरीत याच्या उलट घडले. १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा गोऱ्या उतारूला द्यायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली. त्याच रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने हजारो पत्रके छापून काढली आणि ५ डिसेंबरला बहिष्कार सुरू झाला. बसचे सुमारे तीन-चतुर्थांश उतारू कृष्णवर्णीय होते. ते चालू लागताच कंपनीला मार्ग बंद करावे लागले, चालकांना घरी बसवावे लागले. लोकांनी सुमारे ३०० मोटारींची व्यवस्था उभी केली. जॉर्जिया गिलमोर यांच्यासारख्या बायकांनी जेवण आणि केक विकून तिच्या खर्चाला हातभार लावला. कंपनी किती टेकीला आली होती, याचा पुरावा एप्रिल १९५६ मध्ये मिळतो: दुसऱ्या एका खटल्यातल्या आदेशाचा आधार घेऊन तिने विभागणी बंद करण्याची तयारी जाहीर केली. महापौर आडवे आले आणि कंपनीने विभागणी चालूच ठेवावी, असा हुकूम शहराने राज्य न्यायालयाकडून आणला. ज्याच्या खिशाला झळ बसत होती तो वाकला, आणि ज्याला झळ नव्हती तो अडून राहिला.

यावर आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. माँटगमेरीची बस बहिष्काराने नाही, न्यायालयाने मोकळी केली. हे खरे आहे. ऑरेलिया ब्राउडर, क्लॉडेट कॉल्विन आणि आणखी दोघींच्या दाव्यावर फेडरल न्यायालयाने ५ जून १९५६ रोजी निकाल दिला, १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले. या चौघींचे नाव पार्क्स यांच्या नावाबरोबर घेतले जात नाही, हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पण निकाल पुरेसा असता तर आंतरराज्य बसचा प्रश्न दहा वर्षे आधीच सुटला असता. आयरीन मॉर्गन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आंतरराज्य बसमधली विभागणी लादणारा कायदा १९४६ मध्येच रद्द केला होता. कंपन्यांनी आपल्या नियमांखाली तीच पद्धत चालू ठेवली. १९६१ मध्ये आंतरराज्य बसमधून विभागणी मोडत प्रवास करणाऱ्या ‘फ्रीडम रायडर्स’नी मार खाल्ला, अ‍ॅनिस्टनजवळ त्यांची बस पेटवली गेली, जगभर छी-थू झाली, तेव्हा कुठे आंतरराज्य वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाने विभागणीला बंदी घालणारा नियम केला आणि तो १ नोव्हेंबर १९६१ पासून लागू झाला. निकालामुळे हक्काला कायद्याचे पाठबळ मिळाले. तो प्रत्यक्षात उतरला तो मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागली तेव्हाच.

दुसरा आक्षेप असा की, शाळेची गोष्टच निराळी. बसमधला शेजार अर्ध्या तासाचा, शाळेत पोटची मुले वर्षानुवर्षे एकत्र वाढतात. तिथे गोऱ्या पालकांची भावना तीव्र असणारच, काळ जावाच लागणार. भावना तीव्र होती, यात शंका नाही. पण आर्कान्सातले लिटल रॉक आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी शेजारी ठेवून पाहावी. दोन्हीकडे एकत्र शिक्षण टाळण्यासाठी सार्वजनिक शाळांना टाळे लावले गेले. लिटल रॉकमध्ये १९५८-५९ साली चारही हायस्कूल बंद झाली आणि हजारो गोऱ्या मुलांचेही वर्ष बुडायची वेळ आली. मे १९५९ मध्ये तिथल्या मतदारांनी शाळा मंडळावरच्या तीन कट्टर विभाजनवाद्यांना मतदानाने पदावरून हटवले. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. प्रिन्स एडवर्डमध्ये गोऱ्या मुलांसाठी लगेच खासगी अकादमी निघाली, सरकारी अनुदान आणि करसवलती तिच्या कामी आल्या. कृष्णवर्णीय मुलांसाठी काहीच नव्हते. कुणाला नातेवाइकांकडे परगावी धाडले, कितीतरी मुलांचे शिक्षण कायमचे तुटले. तिथे शाळा १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे बंद राहिल्या. भावना दोन्हीकडे सारखीच होती. भुर्दंड मात्र एका ठिकाणी गोऱ्या मुलांपर्यंत पोहोचला, दुसऱ्या ठिकाणी नाही.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने भेदभाव करणाऱ्या संस्थेचा केंद्रीय निधी रोखण्याची तरतूद केली, आणि १९६५ च्या शिक्षण कायद्याने शाळांसाठीचा तो निधी एकदम मोठा केला. आता हट्टाला रकमेत मोजता येणारी किंमत आली. १९६८ आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिरंगाईला साफ नकार दिला. १९६८-६९ साली दक्षिणेतली सुमारे ३२ टक्के कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत होती. १९७२-७३ पर्यंत हा आकडा ९० टक्क्यांच्या वर गेला. आठ-दहा वर्षांत माणसांची मने एवढी पालटत नसतात.

हिशेबाच्या भाषेत बोलल्याने त्या लोकांच्या धैर्याला उणेपणा येतो, असेही कुणाला वाटेल. मला उलट वाटते. भुर्दंड दुसऱ्याच्या माथी सरकवायचा तर आधी तो स्वतः घ्यावा लागतो: क्लॅरेंडनच्या पालकांनी घेतला, ३८१ दिवस पायी कामावर जाणाऱ्या मोलकरणींनी घेतला. प्रिन्स एडवर्डमध्ये १९५१ साली पडक्या शाळेविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवून आणणारी बार्बरा जॉन्स तर १६ वर्षांची होती.

दक्षिणेत हे साधले, उत्तरेत साधले नाही. डेट्रॉइटमध्ये गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, शहरासाठीचा उपाय या उपनगरांच्या शाळांवर लादता येणार नाही. तो मिलिकेन खटला पुढच्या आठवड्यात पाहू. १९५४ चा खटला वकील म्हणून जिंकणारे थर्गुड मार्शल तेव्हा स्वतः न्यायासनावर होते, आणि विरोधातल्या चार मतांपैकी एक मत त्यांचे होते.