विश्लेषण : नाक-कान टोचल्यानंतर जखम भरेपर्यंत काय करावे, काय टाळावे?

‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण वापरली जाते वेगळ्या अर्थाने, पण कान टोचण्याचे खरे कामही अनेक घरांत अजून सोनाराकडेच जाते. वर्धा-आर्वी मार्गावरील आंजी (मोठी)सारख्या गावात बाळाच्या कानात सोन्याची तार घालणे हा घरचा कार्यक्रम असतो. थोड्या मोठ्या मुलींना नाकात चमकी हवी असते, नाहीतर कानाच्या वरच्या कडेला आणखी एक छिद्र. टोचायला काही सेकंद पुरतात. त्यानंतर आजी हळद-खोबरेल लावायला सांगते, मैत्रीण स्पिरिट सुचवते आणि मोबाइलवरचा व्हिडीओ तिसरेच काही सांगतो. या सगळ्यात जखमेला सारखा हात लागत राहतो आणि ती बिघडण्याचे ते एक मोठे कारण ठरते.

छिद्र भरायला किती दिवस लागतात?

कानाची पाळी मऊ असते, तिला रक्तपुरवठाही चांगला असतो. ती साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला चार ते सहा महिने धरावेत. कानाचा वरचा कडक भाग आणि बेंबी यांना सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागू शकतो. नवी त्वचा छिद्राच्या दोन्ही तोंडांकडून आत सरकत जाते. त्यामुळे बाहेरून कोरडे, बरे दिसणारे छिद्र आतून ओलेच असू शकते. दुखणे थांबले म्हणून लग्नासाठी तिसऱ्याच आठवड्यात टॉप्स काढून जड झुमके घातले की आतली नवी त्वचा फाटते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पहिला दागिना हलका असावा आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत तो काढू नये.

रोज नेमके काय करायचे?

साबणाने हात धुवायचे आणि दिवसातून दोनदा छिद्राच्या दोन्ही बाजू सलाइनने पुसायच्या, एवढेच. सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचे पाणी, एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. मेडिकलमध्ये ते तयार मिळते. लहान बाटली घ्यावी, कारण उघडलेली बाटली आठवडेच्या आठवडे वापरणे योग्य नाही. ते मिळाले नाही तर पेलाभर, म्हणजे सुमारे २५० मिली पाणी उकळून गार करावे आणि त्यात पाव चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी रोज ताजे करावे. मीठ वाढवल्याने गुण वाढत नाही, उलट त्वचा कोरडी पडून चिरते.

स्वच्छ गॉज सलाइनमध्ये भिजवून काही मिनिटे लावली की खपली मऊ होते. ती आपोआप सुटेल तेवढीच पुसावी, नखाने काढू नये. मग कोरड्या गॉजने टिपून घ्यावे. कापसाच्या पट्ट्यात कापूस वापरू नका म्हणणे विचित्र वाटेल, पण त्याचे तंतू तारेला आणि फिरकीला गुंडाळले जातात व जखमेत अडकतात.

दागिना फिरवावा की नाही, यावर मात्र सल्ले वेगवेगळे आहेत. ‘चिकटू नये म्हणून रोज फिरव’ हा घराघरातला जुना नियम, आणि पाळीच्या बाबतीत काही त्वचारोगतज्ज्ञही तो सांगतात. परदेशातील व्यावसायिक पिअर्सिंग करणाऱ्यांच्या संघटना आता तो मानत नाहीत. वाळलेली खपली तारेबरोबर आत ओढली जाते आणि कोवळी त्वचा खरवडली जाते, असे त्यांचे म्हणणे. ते पटण्यासारखे आहे. निदान कोरडी खपली असताना तरी फिरवू नये.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. हळदीत जंतुरोधक गुण असले तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते आणि तेलाबरोबर तिचा लेप छिद्राचे तोंड बंद करतो. छिद्रात कडुनिंबाची काडी घालण्यामागे, धातू न वापरता छिद्र उघडे ठेवण्याचा शहाणा विचार होता. मात्र झाडावरून तोडलेली काडी ताज्या जखमेत घालू नये. उन्हाळ्यात चेहऱ्याला गुंडाळलेला स्कार्फ काढताना तो चमकीत अडकणार नाही, याकडे लक्ष द्यावे. जखम भरेपर्यंत धाम नदीत किंवा विहिरीत पोहणे नको.

वरच्या कानाचा धोका वेगळा का?

बुगडी आणि भिकबाळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, म्हणजे कानाचा वरचा भाग टोचणे काही नवे फॅड नाही. मात्र तिथे आत कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचे पोषण होते. तिथे पू साठला की आवरण सुटते, कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात २००० साली एकाच स्टॉलवर कानाचा वरचा भाग टोचून घेतलेल्यांमध्ये ‘स्युडोमोनास’ जिवाणूचा संसर्ग पसरला. ७ जणांमध्ये तो निश्चित झाला, आणखी १८ संशयित होते. फवाऱ्याच्या बाटलीतले जंतुनाशकच दूषित झाले होते. सुरुवातीला बहुतेकांना जी प्रतिजैविके दिली गेली, ती या जिवाणूवर चालत नव्हती. काहींवर शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचे कान विद्रूप झाले. म्हणून वरचा कान सुजला तर मेडिकलमधून अंदाजाने गोळ्या घेऊन दिवस काढू नयेत.

टोचायच्या गनबाबतही सावध राहावे. तिचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाही आणि ती बोथट टॉप्स दाबून आत घुसवते. कूर्चेसाठी निर्जंतुक, एकदाच वापरायची पोकळ सुईच हवी. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नको.

धातू कोणता?

खाज, पुरळ आणि पाणी सुटणे हा प्रत्येक वेळी संसर्ग नसतो, अनेकदा ती निकेलची ॲलर्जी असते. इमिटेशनचे दागिने पहिल्या छिद्रात घालू नयेत. सोने, टायटॅनियम किंवा सर्जिकल स्टील बरे. सोने २२ कॅरेटचे म्हणताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हॉलमार्किंग २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, पण २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना त्यातून सूट आहे. बाळाची तार आणि नाकातली चमकी नेमकी याच सुटीत बसते. म्हणजे इथे भरवसा सोनारावरच.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पहिले काही दिवस थोडी लाली, सूज आणि पांढरट-पिवळसर द्रवाची खपली हे नेहमीचेच. लाली पसरत जाणे, ठणका, गरमपणा, हिरवट-पिवळा पू, ताप, किंवा फिरकी पाळीच्या मांसात रुतणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. आंजीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही गावातच आहे. तोवर दागिना स्वतःहून काढू नये. छिद्र मिटले की पू आतच कोंडतो.

महिन्यांनंतर छिद्राभोवती कडक, वाढत जाणारी गाठ आली तर ती केलॉइड असू शकते. ती घरी कापू किंवा जाळू नये. घरात कुणाला असा त्रास असेल तर टोचण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.

बाळांच्या बाबतीत प्रश्न धनुर्वाताचा. त्यापासून संरक्षण देणारी पेंटाव्हॅलेंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते, तर बारसे असते बाराव्या दिवशी. कान टोचणे निदान दोन डोस होईपर्यंत पुढे ढकलावे. मोठ्यांनी आपला धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी झाला ते आशाताईंना विचारून घ्यावे. आणि नुकतेच नाक-कान टोचलेल्यांनी रक्तदान शिबिरात तसे सांगावे. त्यानंतर १२ महिने रक्त घेतले जात नाही.