संशोधकाचे भाषाध्ययन व उत्साहाचे सातत्य

मराठ्यांच्या इतिहासाची साधने एका भाषेत नाहीत. भीमसेन सक्सेना याचा ‘तारीखे दिल्कुशा’ हा ग्रंथ फारसीत आहे. कोस्मे दा ग्वार्दा याने लिहिलेले शिवचरित्र पोर्तुगीज भाषेत १७३० साली लिस्बन येथे छापले गेले, तर फ्रान्स्वा मार्तँ याच्या आठवणी फ्रेंचमध्ये आहेत. साहजिकच काही अभ्यासक दोनतीन भाषा एकदम आरंभितात आणि वर्षाच्या आत सोडूनही देतात.

याचे खापर केवळ आळसावर फोडणे योग्य नाही. आरंभी प्रगती रोज जाणवते. व्याकरण संपल्यावर मात्र ती जाणवेनाशी होते आणि मूळ ग्रंथ तर अद्याप दूरच असतो. उत्साह ओसरतो तो या मधल्या टप्प्यावर.

म्हणून प्रत्येक भाषेचे साध्य निराळे व मर्यादित असावे. फारसीत ‘दफ्तर’, ‘जमीन’, ‘कारकून’ यांसारखे शब्द मराठी वाचकास परिचित असतात, व नामांस लिंगभेदही नाही. खरी अडचण शिकस्ता लिपीची आहे. तेव्हा प्रथम छापील ग्रंथ वाचावा, मग हस्तलिखिताकडे वळावे. पोर्तुगीज व फ्रेंच या दोन्ही भाषा लॅटिनोद्भव असल्यामुळे एक आल्यास दुसरी सुलभ होते. परंतु दोन्ही एकाच वेळी आरंभिल्यास रूपांची गल्लत होते. पहिली स्थिर झाल्यावरच दुसरी हाती घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे हे की, आपल्या विषयाच्या मूळ लेखातील पाच ओळी रोज लावाव्यात. त्यांतून एखादी तारीख वा नाव हाती लागले, तर पुढील पाठासाठी निराळ्या प्रेरणेची गरज उरत नाही.