बसने गाठता येणारे जंगल, तळी आणि दलदल

फिनलंडची राजधानी हेलसिंकीच्या वायव्येला साधारण तीस किलोमीटरवर नुउक्सिओ राष्ट्रीय उद्यान आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ५३ चौरस किलोमीटरचे आहे. उंच सूचिपर्णी झाडे, उघडे पडलेले ग्रॅनाइटचे खडक, त्यांच्या खोबणीत साठलेली तळी आणि मधूनमधून शेवाळाच्या दलदली असा हा मुलूख आहे. तिथे पोचायला स्वतःची गाडी लागत नाही. हेलसिंकीहून लोकलने एस्पो स्थानक गाठायचे आणि तिथून २४५ क्रमांकाची बस पकडायची. राजधानी परिसराची वाहतूक यंत्रणा एकच असल्यामुळे लोकलचे तिकीट बसलाही चालते. उद्यानात प्रवेशशुल्क नाही. म्हणजे शहरातल्या कोणालाही जंगलात जायला खर्च येतो तो एवढ्या तिकिटाचाच, आणि ही गोष्ट साधी दिसली तरी फार मोलाची आहे.

वाटेत हल्तिया नावाचे निसर्ग केंद्र लागते. २०१३ मध्ये उघडलेली ही लाकडी इमारत आहे आणि फिनलंडमधल्या राष्ट्रीय उद्यानांची ओळख तिथे एका ठिकाणी होते. पहिल्यांदा जाणाऱ्याने नकाशा इथूनच घ्यावा. पुढे हाउक्कालाम्पी या तळ्याच्या फाट्यावर उतरले की साधारण दोन किलोमीटर रस्त्याने चालावे लागते आणि मग खऱ्या पायवाटा सुरू होतात.

या पायवाटांना पक्ष्यांची नावे आहेत. रॉबिनच्या नावाची वाट सर्वांत छोटी, सुमारे दोन किलोमीटरची. लहान मुलांना घेऊन जाणारी कुटुंबे बहुधा हीच धरतात. ससाण्याच्या नावाची चार किलोमीटरच्या आसपास आहे, तर डोमकावळ्याच्या नावाची त्याहून बरीच लांब. प्रत्येक वाटेला एक रंग ठरलेला असतो आणि झाडांवर किंवा लाकडी खुंटांवर त्या रंगाच्या खुणा केलेल्या असतात. खूण दिसेनाशी झाली तर मागच्या खुणेपर्यंत परत यावे. चढ उंच नसले तरी दमवतात, कारण इथली जमीन सपाट नाही. हिमयुगातल्या बर्फाच्या थराने खडक घासून गुळगुळीत केला आणि मऊ भाग खरवडून काढला. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ वितळून गेल्यावर त्या खोबणींत पाणी साठले आणि तळी झाली. त्यांचे पाणी स्वच्छ असूनही कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते. आसपासच्या दलदलीतून झिरपणारी, कुजलेल्या वनस्पतींतली द्रव्ये त्या पाण्यात उतरलेली असतात.

तळ्यांना आणि सखल भागांना लागून असलेल्या दलदली हा या मुलखाचा सर्वांत विलक्षण भाग आहे. दलदल म्हटले की आपल्याला चिखल आठवतो. इथे वर दिसते ते हिरवे-तांबडे, लुसलुशीत शेवाळ. त्याला स्फॅग्नम म्हणतात. या शेवाळाच्या मृत, पोकळ पेशींत पाणी भरून राहते. वाळलेल्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी ते सहज धरून ठेवते. शिवाय ते भोवतालचे पाणी आम्लधर्मी करते. थंडी, आम्ल आणि प्राणवायूचा अभाव या तिन्हींमुळे मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही, एकावर एक साचत जाते. त्या थराला पीट म्हणतात. तो वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. त्यामुळे मीटरभर जाडीच्या पीटमध्ये सुमारे हजार वर्षांचा काळ जमलेला असतो. नैर्ऋत्य फिनलंडमधल्या टोर्रोनसुओ या दलदलीत पीटचा थर काही ठिकाणी बारा मीटरपर्यंत खोल आहे.

थर जाड झाला की वरच्या वनस्पतींचा जमिनीखालच्या पाण्याशी संबंध तुटतो. मग मिळेल ते पावसाकडून, आणि पावसाच्या पाण्यात पोषक द्रव्ये फार थोडी. म्हणून इथली पाइनची झाडे शंभर वर्षांची असूनही माणसाच्या उंचीची राहू शकतात. काही वनस्पतींनी तर कीटकांकडून नायट्रोजन मिळवण्याचा मार्ग शोधला आहे. वाटेच्या कडेला वाकून पाहिले तर शेवाळात नाण्याएवढी तांबडी पाने दिसतात, त्यांच्यावर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब चमकत असतो. हीच ड्रोसेरा. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात जाणारे मराठी लोक तिच्या बहिणींना दवबिंदू या नावाने ओळखतात. जाती वेगळ्या, हवामान वेगळे, पण अडचण तीच: ओली आणि कसहीन जमीन.

अशा जमिनीवरून चालण्यासाठी दोन-दोन फळ्या शेजारी मांडून वाट केलेली असते. चालणाऱ्याचे बूट कोरडे राहतात हा त्यातला छोटा लाभ. खरा लाभ दलदलीचा असतो. शेवाळावर वारंवार पाय पडले की ते चेपते, फाटते, त्या जागी काळा राडा होतो आणि तो भरून यायला अनेक वर्षे लागतात. म्हणून समोरून कोणी आले तरी शेवाळात उतरू नये. फळी रुंद असेल तिथे थांबून वाट द्यावी. पावसात फळ्या कमालीच्या निसरड्या होतात, तेव्हा पावले छोटी टाकावीत.

विसाव्या शतकात लाकडाचे उत्पन्न वाढवण्यासाठी फिनलंडने आपल्या निम्म्याहून अधिक दलदलींत चर खणून पाणी काढून टाकले. पाणी उतरले की पीट कुजू लागते आणि त्यात साठलेला कार्बन हवेत जातो. आता राष्ट्रीय उद्यानांची व्यवस्था पाहणारी मेत्साहल्लितुस ही सरकारी संस्था संरक्षित क्षेत्रांतले असे चर बुजवून पाणी पुन्हा अडवते. हे काम संथ आहे, पण फार आवश्यक आहे.

फिनलंडमध्ये जंगलात पायी फिरणे, रानफळे आणि अळंबी गोळा करणे हा प्रत्येकाचा हक्क मानला जातो, मग जमीन कोणाच्याही मालकीची असो. राष्ट्रीय उद्यानात मात्र तंबू नेमलेल्या जागीच ठोकायचा आणि शेकोटीही तिथेच पेटवायची. सरपण बहुधा तिथे ठेवलेले असते. वणव्याचा इशारा असेल तर मात्र उघड्या शेकोट्याही बंद. कचराकुंड्या नाहीत, आपला कचरा आपण बसने परत न्यायचा. उन्हाळ्यात डास असतात आणि गवतात गोचिडी, ज्यांच्यामुळे गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर अंग नीट तपासावे. जुलै-ऑगस्टमध्ये बिलबेरी पिकते, त्यानंतर अळंब्यांचे दिवस येतात. जूनमध्ये हेलसिंकीत जवळजवळ एकोणीस तास उजेड असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम सहा. हिवाळ्यात निघणाऱ्याने परतीच्या बसचा हिशेब उजेडावरूनच करावा.

मोकळी, पसरलेली दलदल पाहायची असेल तर फिनलंडच्या आखातापलीकडे एस्टोनियात जावे. तालिनच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर लाहेमा राष्ट्रीय उद्यान आहे; १९७१ मध्ये स्थापन झालेले हे सोव्हिएत संघातले पहिले राष्ट्रीय उद्यान. त्यात विरू नावाची दलदल आहे. तालिनहून लोक्साकडे जाणारी बस फाट्याजवळ थांबते आणि तिथून चालत गेले की साडेतीन किलोमीटरची वाट सुरू होते. आधी पाइनचे जंगल, मग एकदम उघडे रान, त्यात विखुरलेली काळी डबकी आणि त्यांच्यामधून जाणारी फळ्यांची वाट. मध्यावर निरीक्षण मनोरा आहे. त्यावरून एका बाजूला जिवंत दलदल दिसते आणि दुसऱ्या बाजूला पूर्वी पीट खणून काढलेला भाग, जिथे झाडी वेगळीच आहे. वाट वळणावळणाने दुसऱ्या टोकाला निघते, त्यामुळे आल्या वाटेने परतायचे की जंगलातून वळसा घालायचा ते आधी ठरवावे. महामार्गालगतच्या थांब्यावर संध्याकाळी फेऱ्या विरळ होतात, म्हणून परतीच्या बसची वेळ तालिनहून निघतानाच टिपून ठेवावी.