घटस्फोटानंतर घर कोणाचे? मनावरात एक उत्तर, मडगावात दुसरे

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या मनावर येथील एक हिंदू दांपत्य आणि मडगाव येथील एक गोमंतकीय दांपत्य अशी कल्पना करू. दोन्ही संसार वीस वर्षांचे. दोन्हीकडे घर पतीच्या कमाईतून आणि त्याच्याच नावावर झालेले. घटस्फोट झाल्यास पत्नीच्या पदरी काय पडेल?

मनावरात हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू होतो. या कायद्यात मालमत्तेच्या समान वाटणीची तरतूद नाही. कलम २७ नुसार विवाहप्रसंगी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंबाबत न्यायालय आदेश देऊ शकते. कलम २५ नुसार कायमस्वरूपी निर्वाहखर्च मिळू शकतो. स्त्रीधन पत्नीचेच राहते. मात्र घराच्या कागदपत्रांवर तिचे नाव नसेल, तर त्यातील आपला आर्थिक वाटा सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो. वीस वर्षांच्या घरकामाची नोंद कोणत्याही खरेदीखतात नसते.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आजही टिकून आहे. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तो कायम ठेवला. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. वडिलोपार्जित असो वा स्वकष्टार्जित, प्रत्येकाचा त्यात अविभक्त अर्धा हिस्सा असतो. घटस्फोटानंतर मालमत्तेची यादी करून वाटणी होते. त्यासाठीची कार्यपद्धती २०१२ च्या गोवा वारसाहक्क, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यात आहे. थोडक्यात, निर्वाहखर्च मागावा लागतो. अर्धा हिस्सा मात्र आधीपासूनच पत्नीचा असतो.

मालमत्ता राज्याबाहेर असेल तर? जुझे पावलो कुतिन्हो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ रोजी, गोमंतकीय अधिवास असलेल्यांच्या देशातील कोणत्याही ठिकाणच्या मालमत्तेच्या वारसाहक्कास गोव्याचाच कायदा लागू होतो, असा निर्वाळा दिला. तो वाद वारशाचा होता, घटस्फोटाचा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

अर्ध्या हिश्श्याचा हा हक्क गृहीत धरूनही चालत नाही. संपूर्ण विभक्त मालमत्तेचा करार विवाहापूर्वी झाला असेल, तर ज्याची मालमत्ता त्याचीच राहते. म्हणूनच नोंदणी कार्यालयात स्वाक्षरी करण्यापूर्वी वधू-वरांनी कराराचा प्रत्येक शब्द वाचावा. संसार मोडताना तोच कागद बोलतो.