एकोणीस फुटी की पंचवीस फुटी?

दुबई मरीनात राहायला आलेल्या आपल्या मंडळींचे पहिले वर्ष बाल्कनीतून बोटी मोजण्यात जाते. दुसऱ्या वर्षी कोणा ओळखीच्याच्या बोटीतून पाम जुमैराच्या बाजूला एक फेरी होते, आणि तिसऱ्या वर्षी घरात विषय निघतो, की आपणही एक घ्यावी का? गेल्या महिन्यात अशाच एका सभासदाचा फोन आला. दोन कुटुंबे मिळून बोट घेणार होती. दोन बोटी पाहून ठेवल्या होत्या आणि मागितलेली किंमत जवळजवळ सारखीच होती. मी मेकॅनिकल इंजिनियर, त्यात लहानपण रेवदंड्याला गेलेले, त्यामुळे निवाड्याचे काम माझ्याकडे आले. आरोग्य आणि अर्थ या सदरात बोट कशाला, असे वाचकांना वाटेल; पण या व्यवहारात पाठीचे मणके आणि बँकेतली शिल्लक दोन्ही गुंतलेली असतात, हे पुढे दिसेलच.

पहिली बोट एकोणीस फुटी, कोरी, मागे 115 अश्वशक्तीचे एकच फोर-स्ट्रोक इंजिन, माणसे सहा. दुसरी पंचवीस फुटी, बारा वर्षे वापरलेली, 150 अश्वशक्तीची दोन जुनी टू-स्ट्रोक इंजिने, माणसे दहा. दोन्ही फायबरग्लासच्या. दोन कुटुंबांची मिळून माणसे आठ, शिवाय हिवाळ्यात पुण्याहून येणारी आजी. साहजिकच सगळ्यांचा ओढा मोठीकडे होता.

फायबरग्लासविषयी आपल्याकडे एक गैरसमज आहे. लाकडासारखे हे कुजत नाही, म्हणून त्याला मरण नाही, असे लोक धरून चालतात. काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे हे कवच खरोखरच दणकट असते. 1982 साली गल्फ क्राफ्टसारखी कंपनी अमिरातीत सुरू झाली ती याच मालावर, आणि आपल्या कोकणातही मासेमारीच्या फायबर होड्या आता रुळल्या आहेत. पण अनेक बोटींत, विशेषतः जुन्यांत, कवचाच्या आत प्लायवुड असते. जमिनीखाली असते, आडव्या-उभ्या तुळयांत असते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रान्सममध्ये असते. ट्रान्सम म्हणजे इंजिन जिथे टांगतात ती मागची उभी भिंत. इंजिनाचे बोल्ट तिच्यातून आरपार जातात. त्या भोकांचा सील सुटला की पाणी आत झिरपते आणि लाकूड आतल्या आत भिजून मऊ होते. बाहेरून रंग मात्र नवरीसारखा असतो.

म्हणून बोट पाहायला जाताना मी सोबत एक स्क्रूड्रायव्हर नेतो. त्याच्या प्लास्टिकच्या मुठीने ट्रान्समवर जागोजागी टकटक करावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत ओल आहे असे समजावे. मग इंजिन अर्धे वर उचलून त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी वर-खाली हलवावा, आणि त्या वेळी दुसऱ्या माणसाने ट्रान्समकडे पाहावे. भिंत किंचितही लवली तर तिथून निघावे. पंचवीस फुटी बोटीची भिंत लवली. दोन इंजिने मिळून जवळजवळ चारशे किलो वजन त्या भिंतीवर टांगलेले होते. ट्रान्समची दुरुस्ती होते, नाही असे नाही. पण इंजिने उतरवून, कवच कापून, नवे लाकूड बसवून पुन्हा थर द्यावे लागतात. तो खर्च मागितलेल्या किमतीत कोणी धरलेला नव्हता.

दोन इंजिनांचा मुद्दा सभासदाने आग्रहाने मांडला. एक बंद पडले तर दुसऱ्यावर घरी येता येते. हे खरे आहे, आणि वीस मैल आत मासेमारीला जाणाऱ्याने दोन इंजिनेच घ्यावीत. पण इंजिन भर समुद्रात बंद का पडते? पुष्कळदा पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा आल्यामुळे, नाहीतर बॅटरी गेल्यामुळे. टाकी एक आणि बॅटरीही एक, अशी त्या बोटीची मांडणी होती. म्हणजे दोन्ही इंजिने एकदमच बंद पडण्याची सोय. शिवाय ही मंडळी मरीनाच्या तोंडातून बाहेर पडून ब्लूवॉटर्स आणि पामच्या आसपास दोन तास हिंडणार, किनारा सतत डोळ्यांसमोर. त्यांना दोन म्हाताऱ्या इंजिनांपेक्षा एक तरुण इंजिन, नांगर, पुरेसा दोर आणि व्हीएचएफ रेडिओ जास्त उपयोगी.

आता पेट्रोल. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात चालवले, तर दर दहा अश्वशक्तीला ताशी सुमारे पावणेचार लिटर जाते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे 115 ला साधारण 43 लिटर, आणि दोन 150 ना 113. आरामात चालवले तर याच्या निम्मे किंवा थोडे अधिक. कार्ब्युरेटरची टू-स्ट्रोक इंजिने मात्र याहून जास्त पितात, आणि दर पन्नास लिटरला एक लिटर ऑइल वेगळे. एका सुट्टीच्या दिवशी दीड तास वेगात धावणे झाले, तर लहान बोटीला पस्तीस-चाळीस लिटर, मोठीला शंभराच्या वर. 2015 च्या ऑगस्टपासून अमिरातीत पेट्रोलचा भाव दर महिन्याला ठरतो, तेव्हा या महिन्याच्या भावाने ज्याने त्याने गुणाकार करावा. टाकीचा एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेला शिलकीत, हा नियम पाळावा.

बोट उभी करण्याचे भाडे सहसा लांबीवर असते, आणि बोट चालो वा न चालो, ते चालूच राहते. एकोणीस फुटी बोट इंजिन आणि ट्रेलरसकट दीड टनाच्या आत बसते. घरच्या मोठ्या गाडीने ती ओढता येते आणि यार्डात कोरडी ठेवता येते. यात पैशापलीकडचाही फायदा आहे. आखाताचे पाणी उन्हाळ्यात 32 अंशांच्या वर तापते आणि इतर समुद्रांपेक्षा खारट असते. अशा कोमट पाण्यात बारा महिने उभ्या बोटीच्या तळाला ओल शिरून फोड येतात, शेवाळ आणि शिंपले धरतात. त्यावर दरवर्षी विषारी रंग लावावा लागतो. यार्डातल्या बोटीला गोड्या पाण्याने धुणे पुरते. इंजिनातूनही प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटे गोडे पाणी फिरवायचे, हे काम मुलांना लावून द्यावे.

आरोग्याचा भाग अनेकांच्या लक्षात येत नाही. दुबईत दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि परतीच्या वेळी पाणी आखूड लाटांचे असते. बोटीचे पुढचे टोक उचलून आपटते. तरुणांना मजा वाटते, पण पुढे बसलेल्या साठीच्या माणसाच्या कमरेच्या मणक्याला तेवढ्याने फ्रॅक्चर होऊ शकते. हाडे ठिसूळ असलेल्या बायकांना तर निश्चितच धोका. तळ जितका खोल व्ही आकाराचा, तितका आपटा सौम्य, आणि लांब बोट लाटांवर कमी नाचते. या एका बाबतीत पंचवीस फुटी सरस होती, हे मान्य केले पाहिजे. लहान बोट घेतली तर आजीने मागच्या बाजूला, जाड गादीवर बसायचे आणि वेग निम्मा ठेवायचा. शमाल वाऱ्याच्या दिवसांत निघायचेच नाही. राष्ट्रीय हवामान केंद्राचा समुद्राचा अंदाज आदल्या रात्री पाहावा.

इंजिन चालू असताना मुलांना मागच्या शिडीवर बसू देऊ नये. पंख्याचा धोका दिसतो तरी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचे वेगळे घ्यावे, मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली निसटते. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा पायाला अडकवलेली असावी. तो पाण्यात पडला तर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

सहा माणसांची बोट म्हणजे सहाच माणसांची, हेही मला दोनदा सांगावे लागले. 'लहान मुले मांडीवर' हा हिशेब एस.टी.त चालतो.

कागदपत्रांत फार काही अवघड नाही. दुबईत नोंदणी आणि चालकाचा परवाना दुबई मेरीटाइम अथॉरिटीकडे. गळ टाकायचा तर मासेमारीचा परवाना वेगळा. नव्या बोटीवर पाच टक्के व्हॅट धरावा. दोन कुटुंबांनी मात्र आपसांत एक करार लिहून ठेवावा. खर्च कसा वाटायचा, कोणता शनिवार कोणाचा, आणि एकाची नोकरी गेली किंवा तो भारतात परतला तर त्याचा हिस्सा कोणत्या भावाने घ्यायचा. मैत्री आहे म्हणून लिहून ठेवत नाहीत आणि नंतर मैत्रीच राहत नाही, असे मी पाहिले आहे. नोकरीअखेर मिळणारी ग्रॅच्युइटी या कामाला मुळीच धरू नये. ती पहिली पाच वर्षे वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ पगाराएवढी असते. परतीचे घर आणि मुलांचे कॉलेज त्यातून निघायचे असते. बोट विकायला काढली तर घाईच्या माणसाला भाव मिळत नाही, आणि देश सोडणारा माणूस नेहमीच घाईत असतो. त्यातही एक इंजिन असलेली, यार्डात ठेवलेली लहान बोट लवकर जाते.

माझे मत मी एकोणीस फुटीच्या बाजूने दिले, दोन कुटुंबांनी आळीपाळीने जायचे या अटीवर. ते सभासदाच्या सौभाग्यवतींना पटले नाही. सगळे मिळून जायचे नसेल तर बोट कशाला, असे त्यांनी विचारले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. तूर्तास या हिवाळ्यात चार वेळा चालकासकट मोठी बोट भाड्याने घ्यायची, खर्च वहीत मांडायचा, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बसायचे असे ठरले आहे. भाड्याच्या बोटीत चढतानाही माणसे आणि जॅकेटे मोजून घ्यावीत, आणि तटरक्षक दलाचा 996 हा नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.